तांबीच्या उरलेल्या तीन पायांसाठी: प्रकल्प नोंदी, कोथरूड

२४ जून २०२४, सोमवार

तांबीचा उजवा मागचा पाय शनिवारी मांडीच्या वरच्या भागातून काढण्यात आला आणि आज दुपारी ती घरी आली. ती आमच्या गल्लीतील, नसबंदी होऊन त्याची खूण म्हणून कानाला खाच मिळालेली, साधारण चार वर्षांची गावठी कुत्री आहे. रात्री एका वाहनाच्या चाकाखाली तिच्या पायाचा घोट्यापासून खालचा भाग चिरडला गेला होता. कातडी आणि हाडे दोन्ही गेली होती, संसर्ग घोट्याच्या वर चढू लागला होता, आणि पावसाळ्यात अशा उघड्या जखमेत अळ्या पडायला फारसा वेळ लागत नाही. डॉक्टरांनी उरलेल्या तिन्ही पायांचे आणि खुब्याचे एक्स-रे आधी काढून घेतले, कारण पुढचा सगळा भार ज्यांनी वाहायचा ते सांधे धड आहेत की नाहीत हे शस्त्रक्रियेच्या निर्णयापूर्वीच कळावे लागते. ते धड निघाले, म्हणून हा निर्णय घेता आला.

इमारतीतील जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: चिरडला होता पंजा, मग पाय इतका वरून का काढला? उत्तर येथे लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळे सांगावे लागणार नाही. पायाचा खुंट लांब राहिला तर कुत्रे त्यावर टेकू पाहते. खुंटाच्या टोकावरची पातळ कातडी जमिनीवर टेकण्यासाठी घडलेली नसते, त्यामुळे ती वारंवार फाटते आणि जखम कायमची होऊन बसते. मांडीच्या वरच्या भागातून हाड कापले तर त्याच्या टोकावर मांडीचे स्नायू ओढून शिवता येतात आणि हाडाला मांसाची गादी मिळते. कृत्रिम पाय बसवायचा असेल तर खुंटाची पुरेशी लांबी राखावी लागते आणि ते शस्त्रक्रियेआधी ठरवावे लागते. तांबीच्या बाबतीत संसर्गामुळे तो मार्ग उरला नव्हता.

जखम भरण्याचे काम तिचे शरीर आणि डॉक्टर पाहतील. इमारतीतील आमच्या गटाच्या वाट्याला उरलेले तीन पाय, पाठ आणि वजन आले आहे, आणि ही वही त्यासाठी आहे. पाय गेल्यानंतरचे वजन १६.२ किलो भरले. यापुढची तुलना याच आकड्याशी करायची, कारण जुन्या वजनात गेलेल्या पायाचाही वाटा होता.

२५ जून

आजचा दिवस जमिनीवर खर्च झाला. आमच्या घरात व्हिट्रिफाइड फरशी आहे, आणि एकच मागचा पाय असलेल्या जनावराला तिच्यासारखी धोक्याची दुसरी जागा नाही: पंजा बाजूला घसरला तर सावरायला शेजारचा पाय नसतो, आणि त्या एका झटक्यात गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा चिवट पट्टा, फाटू शकतो. सतरंज्या स्वतःच सरकतात, म्हणून त्या बाजूला ठेवल्या. बोहरी आळीतून रबराच्या पाठीची पायपुसणी आणली, योगासनांच्या जुन्या चटया घरोघरी मागितल्या, आणि झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत व तिथून मागच्या दारापर्यंत सलग वाट तयार केली. वाटेत कोठेही फरशीचा उघडा पट्टा राहू दिला नाही. दोन चटयांमधले वीतभर अंतरही तिला थांबवते. तळव्यांच्या मधले वाढलेले केस कापले, नखेही कापली, कारण लांब नख जमिनीला आधी लागते आणि तळव्याची पकड जाते.

२७ जून

पहिल्या दोन रात्री ती विव्हळत होती. वेदनाशामक औषधांच्या गुंगीतही कुत्री अशी अस्वस्थ होतात, त्यामुळे प्रत्येक विव्हळण्याचा अर्थ वेदना असा होत नाही, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. वेदनेची खूण वेगळी असते: गारव्यात पडूनही धाप लागणे, अंग थरथरणे, आडवे न होता बसूनच राहणे, जखमेच्या बाजूला एकाएकी वळून चावू पाहणे. यांपैकी शेवटची खूण काल संध्याकाळी दिसली. पाय काढताना मज्जातंतूही कापावे लागतात आणि त्यांची वेदना सूज उतरल्यानंतरही राहू शकते. त्यासाठी गॅबापेंटिन चालू आहे, ते अचानक थांबवायचे नाही, हळूहळूच कमी करायचे. औषध कॅप्सूलमधलेच द्यायचे; माणसांसाठीच्या काही द्रवरूप औषधांत गोडीसाठी घातलेले झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना विषासारखे बाधते. सूज व दुखणे उतरवणारे दुसरे औषध जेवणाबरोबर द्यायचे, आणि उलटी किंवा काळी शी दिसली तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. घरात असलेली आयबुप्रोफेनची गोळी कोणी दयेपोटीही देऊ नये. तिने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कपड्यात गुंडाळलेला बर्फ टाक्यांच्या बाजूने दहा मिनिटे धरत होतो, आजपासून ते बंद. टाक्यांखाली पाणी साठून मऊ फुगवटा आला आहे. तो फोडायचा नाही, दाबायचाही नाही; लहान असेल तर शरीर तो शोषून घेते.

सर्वांत अवघड काम लघवीचे निघाले. मादीला त्यासाठी मागच्या पायांवर बसावे लागते, आणि एका पायावर ते साधेपर्यंत ती धरून ठेवते. जुन्या सुती साडीची चौपदरी पट्टी करून ती पोटाखालून, डाव्या मांडीच्या पुढून घेतली आणि दोन्ही टोके वर धरली. उचलायचे नाही, फक्त तोल गेल्यास आधार असावा इतपत ताण ठेवायचा. आज सकाळी तिने पट्टीवर विश्वास टाकला.

३० जून

पालख्या आज पुण्यात येत असल्याने शिवाजीनगरच्या बाजूचे रस्ते बंद राहणार होते, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन जखम कालच दाखवून आणली. लाली कमी झाली आहे. गळ्यातील शंकूची कॉलर तिला आवडत नाही, पण टाके निघेपर्यंत ती रात्रीसुद्धा काढायची नाही.

५ जुलै

टाके निघाले. कातडी पूर्ण जुळली आहे आणि माशीला बसायला जागा उरलेली नाही. या ऋतूत ही गोष्ट मोठी आहे.

शिंप्याच्या फितीने डाव्या मांडीचा घेर मोजला: २८ सेंटिमीटर. मोजणी दर वेळी एकाच व्यक्तीने, तांबी उभी असताना, जांघेपासून तेवढ्याच अंतरावर करायची आहे, नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी ही जबाबदारी घेतली आहे. त्या माणसांवर उपचार करतात, त्यामुळे प्रत्येक व्यायाम त्यांनी आधी पशुवैद्यांशी बोलून ठरवला.

त्यांनी भाराचा हिशेब समजावून सांगितला. उभ्या कुत्र्याच्या वजनापैकी साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असते. मागचा एक पाय गेला की कुत्रे मान व छाती पुढे झुकवते आणि सुमारे तीन चतुर्थांश वजन पुढच्या पायांवर जाते. उरलेला मागचा पाय शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतो, शेपटी तोल सांभाळू लागते आणि पाठीचा कणा एका बाजूला वळून काम करतो. म्हणजे व्यायाम फक्त डाव्या मागच्या पायाला देऊन भागणार नाही; खांदे आणि पाठ रोज संध्याकाळी बोटांनी चाचपून, आखडलेल्या गाठी हलक्या हाताने मोकळ्या कराव्या लागतील. त्याआधी कोमट शेक द्यायचा.

सुरुवात तीन साध्या गोष्टींनी होईल. ती चटईवर सरळ उभी असताना खुब्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अगदी हलका दाब द्यायचा, इतकाच की तिने पाय न उचलता तोल सांभाळावा. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा नाकाजवळ धरून तिची मान आधी खांद्याकडे, मग बरगडीकडे वळवायची. आणि बसलेल्या स्थितीतून सरळ उभे राहायला लावायचे, कारण मांडीचा स्नायू सर्वांत चांगला त्याच हालचालीत घडतो. पाय थरथरला की त्या वेळचा व्यायाम संपला.

१३ जुलै

आजची नोंद लांब आहे, कारण ज्या मुद्द्यावर इमारतीत मतभेद आहेत तो येथे स्पष्ट करायला हवा.

तांबी आता पळते. तीन पायांवर उड्या घेत फाटकापर्यंत जाते, आणि ते पाहून मुले टाळ्या वाजवतात, मोठी माणसे म्हणतात की ती बरी झाली. वॉचमन काकांनी सोडून इतर सर्वांनी असेच मानले आहे. काकांचे म्हणणे वेगळे होते: "ताई, ती पळते, पण तिला चालता येत नाही." त्यांचे निरीक्षण अचूक आहे. तीन पायांच्या कुत्र्याला वेगाने जाणे सोपे जाते, कारण वेग अंगाला पुढे नेतो आणि मागच्या पायाला फक्त एक झटका द्यावा लागतो. सावकाश चालताना प्रत्येक पावलावर तो पाय एकटा जमिनीवर टेकलेला असतो आणि सगळा मागचा भार क्षणभर त्याच्यावर राहतो. ताकद त्या क्षणात तयार होते. पळण्यात मात्र तोच पाय प्रत्येक उडीला आदळतो, आणि गुडघ्यातील अस्थिबंध फाटला तर तिच्याकडे दुसरा मागचा पाय नाही.

म्हणून पुढील काळात तांबीने मोकळे पळू नये असे ठरवले आहे. हार्नेस (छातीभोवती बांधायचा साज) आणि आखूड पट्टा लावून, आपले पाऊल तिच्या पावलाच्या गतीने टाकत, पाच मिनिटे चालायचे, दिवसातून चार वेळा. एका लांब फेरीपेक्षा चार आखूड फेऱ्या बऱ्या, कारण दमलेला स्नायू सांधा सांभाळत नाही आणि इजा दमल्यावरच होते. पाच मिनिटे सहज जमू लागली की आठवड्याला एक-दोन मिनिटांनी वाढवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठताना अडखळली किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपली, तर आदल्या दिवसाचे चालणे जास्त झाले असे समजून मागच्या पायरीवर यायचे. मुलांना हे कठीण वाटते, हे मला समजते. त्यांना तिचे पळणे म्हणजे तिचा आनंद वाटतो, आणि ते खोटेही नाही. पण तिने म्हातारपणीही चालावे अशी आपली इच्छा असेल तर या काही महिन्यांत पट्टा हातातून सुटता कामा नये.

२५ जुलै

रात्रभर पावसाची संततधार होती. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत घरांत पाणी शिरले आहे आणि आमच्या दोन सदस्यांचे नातेवाईक तिकडे अडकल्याने ते मदतीला गेले आहेत. फेऱ्या बंद. जिन्याजवळच्या कोरड्या जागेत पीव्हीसी पाइपचे तुकडे जमिनीवर आडवे ठेवून त्यांवरून तिला एकेक पाऊल टाकत नेले. पाइपांमधील अंतर तिच्या खांद्याच्या उंचीइतके ठेवले. बाहेर लघवीला गेल्यावर तळवे कोरडे पुसणे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का ते पाहणे चालूच आहे. गोचिडीमुळे होणारा ताप आला तर रक्त कमी होते, आणि मग व्यायामाची सगळी मेहनत तिथेच अडते.

९ ऑगस्ट

वजन १७.५ किलो. मांडीचा घेर जेमतेम वाढला आहे, म्हणजे वाढलेले वजन स्नायूंचे नाही. बरगड्यांवर हात फिरवला तर त्या आता सहज लागत नाहीत, आणि वरून पाहताना कंबर दिसेनाशी झाली आहे.

कारण शोधावे लागले नाही. तांबी ज्या दारासमोर बसते तिथे तिला ग्लुकोजचे बिस्कीट मिळते. तळमजल्यावरच्या आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, बिचारीला एक पाय नाही, बिस्कीट तरी खाऊ दे की." त्यांचा जीव तिच्यात आहे म्हणूनच त्या असे बोलल्या. मी त्यांना सांगितले, "आजी, तिला चार पाय असते तर हे किलोभर वजन चौघांत वाटले गेले असते. आता ते तिघांवर आहे, आणि त्यातही बहुतेक पुढच्या दोघांवर." आजींनी क्षणभर विचार केला आणि विचारले की मग काय दिलेले चालेल. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, काकडी किंवा उकडलेल्या तांबड्या भोपळ्याची फोड, तीही दिवसाच्या जेवणातून वजा करून, असे ठरले. आता व्यायामाच्या वेळी तुकडे देण्याचे काम आजींकडे आहे, म्हणजे त्यांच्या हातचे खाणे बंद झाले नाही आणि ते उठण्या-बसण्याच्या व्यायामाला लागले.

फाटकावर पाटी लावली आहे: कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे तांबीला कोणीही देऊ नयेत. मनुकांचा उल्लेख मुद्दाम केला. श्रावण सुरू झाला आहे आणि प्रसादाच्या शिऱ्यात त्या असतातच.

१८ ऑगस्ट

शहरातील एका केंद्रात तिला पाण्यातील ट्रेडमिलवर चालवून आणले. पाण्याची पातळी खुब्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्केच भार येतो. गुडघ्यापर्यंत असेल तर सुमारे ८५ टक्के. म्हणजे पाणी चढवून भार कमी करायचा आणि ताकद वाढेल तसे उतरवायचे. पाण्याचा विरोध पावलाला सावकाश करतो, आणि तांबीला सावकाश चालायला लावणे हीच तर आमची रोजची खटपट आहे. ती आधी घाबरली, मग आजींचा तुकडा पाहून चालली. खर्च मोठा आहे, त्यामुळे अधूनमधूनच जाणे शक्य होईल; ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी हताश होण्याचे कारण नाही, कारण पट्ट्याला धरून केलेले संथ चालणे तेच काम जास्त दिवस घेऊन करते.

१ सप्टेंबर

ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी ऐकू येतो. आवाजाने दचकून तिने पट्ट्याला हिसका दिला की सगळा ताण डाव्या गुडघ्यावर येतो, म्हणून संध्याकाळची फेरी सराव सुरू होण्याआधी दुपारी उशिरा घ्यायची. वजन १६.९ किलो.

घरातील पाट व्यायामाला आणला आहे. पुढचे दोन पाय पाटावर आणि मागचा जमिनीवर, अशा स्थितीत ती उभी राहिली की भार मागे सरकतो. मागच्या पायाला जास्त काम देण्याचा याहून सोपा उपाय घरात सापडला नाही. पाटाखाली रबराचा तुकडा चिकटवला आहे.

२२ सप्टेंबर

विसर्जन आटोपले, रस्ते शांत झाले. काल सकाळी तांबी उठताना डावा पंजा ओढत होती आणि दोन नखे पुढून घासली गेलेली दिसली. गणपतीच्या दिवसांत घरी येणारे-जाणारे खूप होते आणि प्रत्येकाच्या स्वागताला ती दारापर्यंत धावत होती. डॉक्टरांनी गुडघा पुढे-मागे हलवून पाहिला. सांधा घट्ट आहे, अस्थिबंधाला काही झालेले नाही, स्नायू थकला आहे. आठवडाभर फक्त लघवीपुरते बाहेर नेणे, शेक आणि मालिश.

विश्रांतीचा आठवडा काही सदस्यांना वाया गेल्यासारखा वाटतो, असे फिजिओथेरपिस्ट ताईंना जाणवले, आणि त्यांनी गटात सांगितलेली गोष्ट येथे उतरवून ठेवतो. स्नायू व्यायामाने थोडा झिजतो आणि विश्रांतीत भरून निघताना बळकट होतो. विश्रांती काढून घेतली तर फक्त झीज उरते. चार पायांचे जनावर एक पाय सैल सोडून त्याला आराम देऊ शकते. तांबीला उभे असताना तेवढीही सोय नाही, म्हणून तिच्या पडून राहण्याच्या वेळाला व्यायामाइतकेच जपायला हवे. तिच्या गादीजवळून दार उघडे दिसत होते, म्हणून गादी आतल्या खोलीत हलवली.

१३ ऑक्टोबर

मांडीचा घेर ३०.५ सेंटिमीटर, वजन १६.४ किलो. हे दोन आकडे एकत्र पाहून आज ताईंचे डोळे भरून आले, आणि मलाही राहवले नाही.

वेताळ टेकडीच्या पायथ्याची मुरमाची वाट आजपासून सुरू केली. मुरमावर पकड मिळते आणि डांबरासारखा दणका बसत नाही. हलक्या चढावर मागच्या पायाला जास्त जोर लावावा लागतो, तो आम्हाला हवा आहे. उतारावर मात्र सगळा भार पुढच्या खांद्यांवर येतो, म्हणून उतरताना नागमोडी चालायचे आणि हार्नेसची मूठ धरून तिला मागे रोखायचे. जिथे उतार तीव्र आहे तिथपर्यंत चढायचेच नाही. मोर दिसला की ती खेचते; पट्टा कमरेला बांधलेला बरा.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधीची ही नोंद पुढील जबाबदारी घेणाऱ्यांसाठी आहे.

तांबी आता सलग वीस मिनिटे संथ चालते, तीन पायऱ्या चढते, आणि लघवीसाठी तिला पट्टी लागत नाही. तिला गल्लीत परत सोडावे का, यावर सर्वांशी बोलून निर्णय झाला: ती आमच्या घरी राहील. रस्त्यावरच्या कुत्र्याला दिवसातून अनेकदा जीव घेऊन पळावे लागते, आणि नेमके तेच तिच्या गुडघ्याला सोसणार नाही. रेबीजची लस दिलेली आहे. महापालिकेच्या परवान्यासाठी अर्ज करत आहोत.

फटाक्यांच्या रात्री तिला आतल्या खोलीत ठेवावे, खिडक्या बंद कराव्यात, जमिनीवर चटयांची सलग वाट असावी म्हणजे घाबरून उठली तरी घसरणार नाही. संध्याकाळची फेरी उजेडातच उरकावी. फराळातील काहीही देऊ नये.

वजन दर महिन्याला, घेर दीड महिन्याने मोजावा. १६.५ किलोच्या वर काटा गेला तर जेवण कमी करावे, चालणे वाढवू नये. थंडीत सकाळी सांधे आखडतात, म्हणून फेरीआधी पाच मिनिटे शेक आणि खांद्यांची मालिश. डिसेंबरात डॉक्टर डावा गुडघा, दोन्ही खांदे आणि पाठ पुन्हा तपासतील. ती तपासणी होईपर्यंत पाटाची उंची आणि चढाचे अंतर आहे तेवढेच ठेवावे.